जपानी मांगा: किनोकुनिया की बुक ऑफ?

भाची न्यू जर्सीत जपानी शिकतेय, मूळ जपानीतली मांगा (जपानी चित्रकथा) कुठून घेऊ म्हणून विचारत होती. अगं, मॅनहॅटनमध्ये किनोकुनिया आणि बुक ऑफ ही पुस्तकांची दोन्ही दुकानं एकमेकांपासून पायी अंतरावर आहेत! किनोकुनिया अमेरिकेत १९६९पासून आहे, तिथे नवे कोरे खंड, नसेल तो मागवता येतो, पण मागच्या कव्हरवर छापलेल्या येनच्या हिशोबाने बघितलं तर डॉलर बरेच जास्त जातात. बुक ऑफमध्ये बहुतेक माल वापरलेला, कडा जरा पिवळ्या पण छपाई स्वच्छ, आणि खूप स्वस्त, मात्र मालिकेचे खंड १, २, ४ सापडतात आणि ३ गायब, मग शेल्फ धुंडाळत बसायचं. कुठूनही घे, पण शोनेनच (किशोर मुलांसाठीची मांगा) घे, कांजीशेजारी (जपानीतली चिनी चित्राक्षरं) बारीक फुरिगाना, म्हणजे उच्चार सांगणारी अक्षरं, असतात, नवशिक्याला फार आधार वाटतो. नुसती वाचायची सवय लावायची तर बुक ऑफ, एकच मालिका ओळीने हवी असेल तर किनोकुनिया.