कोरीव पेटी घ्यायचीय? आधी लाकडाचा पूर्वेतिहास विचारा

'जुन्या लाकडाची, हाताने कोरलेली' एवढ्या वर्णनावर पेटी निवडू नका. ते लाकूड आधी काय होतं, यावर सगळं अवलंबून आहे. पाडलेल्या घराच्या तुळया आणि चौकटींचं सागवान घ्यायचं की मालवाहतुकीच्या पॅलेटचं, म्हणजे माल रचायच्या लाकडी फळ्यांच्या तळाचं पाइन, असा प्रश्न बऱ्याचदा समोर येतो.

सागवान वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. ते सहसा वाकत नाही, झाकण अडकत नाही आणि खोल नक्षीच्याही कडा टिकतात. मात्र त्यात सिलिका असल्याने पटाशी लवकर बोथट होते. कारागीर सारखा धार लावत बसतो. किमतीत ती मेहनतही धरलेली असते. माझ्या सागवानी पेटीच्या झाकणावर खिळ्याचं जुनं भोक आहे, भोवती गंजाचा काळा डाग. कारागिराने ते बुजवलं नाही, त्याभोवतीच फूल कोरलं. मला पेटीतली तीच जागा सगळ्यात प्रिय आहे.

पाइन हलकं, मऊ. नखाचाही वळ उठतो, बारीक पाकळ्या तुटतात, गाठींतून राळ झिरपते. म्हणून त्यावर उथळ, ठसठशीत नक्षी आणि वरून रंग शोभतो. मुलांच्या खडूंसाठी मी हीच घेईन, पण पॅलेटवर कीड मारण्याच्या प्रक्रियेचा शिक्का कोणता होता हे विचारूनच, कारण रंधा मारला की तो जातो. 'एचटी' म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत किमान 56 अंश सेल्सिअस उष्णता सलग 30 मिनिटं दिलेली; ते चालेल. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी. ते लाकूड घरात नकोच. सागवानाच्या बाबतीत जपायचं ते जुन्या रंगाला. त्यात शिसं असू शकतं, त्यामुळे पोपडे तसेच ठेवलेली पेटी दिसायला कितीही सुंदर असली तरी लहान मुलांच्या घरात आणू नये.

हातकाम ओळखायला नक्षीचे आतले कोपरे बघा. यंत्राच्या फिरत्या पात्याने ते किंचित गोल राहतात. पटाशीचा कोपरा टोकदार उतरतो आणि दोन शेजारच्या पाकळ्या कधी तंतोतंत सारख्या नसतात.

लाकूड कोणतंही असो, घरी आणल्यावर पेटी काही दिवस काळ्या कागदावर ठेवा. बारीक भोकांतून पिठासारखी ताजी भुकटी पडू लागली, तर आत कीड जिवंत आहे. अशी पेटी इतर लाकडी सामानापासून लगेच दूर ठेवा आणि परत करा.