अ‍ॅपमध्ये २० तारीख, कॅलेंडरवर २१: सात महिन्यांचा अनुभव

इचलकरंजीत आमचं टॅक्सचं ऑफिस, सहा माणसं, क्लायंट बहुतेक यंत्रमागवाले. कामं वाटून देणारं हे अ‍ॅप घेतलं ते ईमेल आणि कॅलेंडर दोन्ही त्याला जोडता येतात म्हणूनच.

गेल्या महिन्यात एका क्लायंटचा जीएसटीआर-३बी (जीएसटीचं मासिक विवरणपत्र) २१ तारखेला भरला गेला. मुदत २० ची. लेट फी ५० रुपये, वर एका दिवसाचं १८ टक्के दराने व्याज. पैसे मी भरले, पण वीस वर्षांच्या क्लायंटला फोन करून ते सांगणं फार जड गेलं.

अ‍ॅपमध्ये तारीख २० च होती. मोबाइलच्या कॅलेंडरवर मात्र २१. आधी सगळे अ‍ॅपच उघडून बघायचे, कॅलेंडर त्याच महिन्यात जोडलं होतं. कंपनीला तीन ईमेल केले. तिन्ही वेळा उत्तर एकच: तुमचा टाइमझोन तपासा. तो बरोबर होता!

शेवटी अ‍ॅप कॅलेंडरला पाठवतं ती आयसीएस फाइल डाउनलोड करून नोटपॅडमध्ये उघडली. मुदतीची वेळ २० तारीख, २३:५९, आणि शेवटी इंग्रजी झेड. झेड म्हणजे यूटीसी, जागतिक प्रमाणवेळ. आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे इथे २१ ची पहाट, ५:२९. दिवसभराच्या नोंदीला नुसती तारीख लिहायची सोय अशा फाइलींच्या आयकॅलेंडर मानकात १९९८ पासून आहे. ती न वापरता भारतात अ‍ॅप विकायचं, हे मला पटत नाही.

सध्या प्रत्येक कामाला संध्याकाळी पाचची वेळ घालतो. वेळ दिली की रूपांतर बरोबर होतं. (लिंकने जोडलेल्या कॅलेंडरवर बदल दिसायला काही तास लागतात, तेही लक्षात ठेवा.)

त्याच रागात बंद करणार होतो. पण ईमेलची बाजू खरंच उत्तम आहे, हे आता मान्य करतो. क्लायंटचा ईमेल अ‍ॅपच्या पत्त्यावर फॉरवर्ड केला की त्याचं काम तयार होतं, बिलं त्यातच. ज्याला काम दिलं त्याला ईमेल जातो आणि त्याने तिथूनच दिलेलं उत्तर कामाखाली नोंदलं जातं. 'मला बिलं मिळालीच नाहीत' हे वाक्य ऑफिसात सात महिन्यांत ऐकलेलं नाही.

वर्षाचे पैसे माणशी आगाऊ भरलेत, पाच महिने उरलेत, तोवर वापरणार. नूतनीकरणाच्या दिवशी पैसे भरण्याआधी पुन्हा ती फाइल नोटपॅडमध्ये उघडणार. झेड तिथेच असेल, तर पैसे नाहीत.