तारीख पक्की करायची तर भिंतीवरचं कालनिर्णय

मी आर्वी तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. गेली सहा वर्षं आजूबाजूच्या खेड्यांत डब्यांचे कार्यक्रम घेते. एकीच्या घरी दहा-बारा जणी जमतात, मी हवाबंद डबे, बाटल्या, मसाल्याचे डबे मांडते, वापरून दाखवते आणि ऑर्डर घेते. कंपनी याला पार्टी म्हणते. आमच्याकडे पार्टी म्हटलं की घरची माणसं भलताच अर्थ काढतात, म्हणून मी पहिल्यापासून ‘डेमो’च म्हणत आले.

आज मात्र डब्यांबद्दल लिहायचं नाही. ज्या वस्तूने माझं हे काम उभं राहिलं, तिच्याबद्दल लिहायचं आहे. ती म्हणजे भिंतीवरचं मोठं मराठी कालनिर्णय. चार वर्षं झाली, दर डिसेंबरात मी दोन विकत घेते. एक घरच्या खिळ्याला, एक डब्यांच्या पिशवीत.

या धंद्यात ज्याने काम केलं नाही त्याला वाटेल, विक्री महत्त्वाची. विक्री होतेच, झाकण ‘टप्’ करून बसलं की बाया स्वतःच हात पुढे करतात. खरा जीव अडकतो तो पुढच्या तारखेत. आजच्या डेमोतून पुढचे दोन डेमो निघाले नाहीत तर पुढच्या आठवड्यात पिशवी घरातच पडून राहते. आणि बाई उठताना काय म्हणते? “ठेवू ना ताई, सांगते मी तुम्हाले.” “कापूस होऊ द्या एवढा.” “यायले विचारून फोन करतो.” एका दिवाळीच्या तोंडावर सात जणींनी मला ‘सांगते’ म्हटलं होतं. मी सातही नावं वहीत लिहून ठेवली. एकीचाही फोन आला नाही. त्यांच्या मनात खोट नव्हती. ‘सांगते’ला दिवस नसतो, म्हणून तो येतच नाही.

कंपनीने आम्हाला शहरात नेऊन दोन दिवस शिकवलं होतं. शिकवणाऱ्या मॅडम चांगल्या होत्या. ही पद्धत अमेरिकेत बायकांनीच रुजवली, हे मला त्यांच्याकडून कळलं. टपरवेअरने १९५१ साली दुकानांतून माल काढून घेतला आणि फक्त घरच्या कार्यक्रमांतून विकायचं ठरवलं, त्यामागे ब्राउनी वाइज नावाच्या बाईची मेहनत होती. (मी विकते ते डबे दुसऱ्या कंपनीचे.) मॅडमनी सांगितलेल्या तीन गोष्टी मी आजही पाळते. ‘कधी ठेवता?’ असं विचारायचं नाही, दोन तारखा समोर ठेवून ‘यातली कोणती?’ विचारायचं. पंधरा दिवसांच्या पलीकडची तारीख शक्यतो घ्यायची नाही. आणि तारीख चहाच्या आधी घ्यायची, कारण चहा झाला की बाया चपला शोधायला लागतात.

पण तारखा लिहायला त्यांनी दिली गुळगुळीत कागदाची जाड डायरी. तिच्यात वार आणि आकडा, बाकी काही नाही. मी डायरी उघडून म्हणायची, “वहिनी, मंगळवार की शुक्रवार?” वहिनी म्हणायच्या, “मंगळवारी काय हाय?” मला सांगता यायचं नाही. घरी टांगलेलं कॅलेंडर कृषी केंद्रातून फुकट मिळालेलं, अर्ध्या पानावर बियाण्याच्या पाकिटाचं चित्र आणि खाली बारीक आकडे. अशीच एक मंगळवारची तारीख घेतली. दोन पिशव्या घेऊन साडेपाचच्या एसटीने दुसऱ्या गावी उतरले, तर त्या दिवशी अंगारकी. घरची बाई दिवसभराच्या उपासाने थकलेली, चुलीवर मोदकांचं पाणी ठेवलेलं, चंद्र निघायला अजून तीन तास. शेजारच्या दोघी आल्या, उभ्याउभ्या पाहून गेल्या. परतीची गाडी नव्हती, मुक्काम त्यांच्याकडेच करावा लागला. त्या माउलीने मला चंद्रोदयानंतर पोटभर जेवू घातलं, पण तिचा दिवसही वाया गेला आणि माझाही. त्याच आठवड्यात मी पहिलं कालनिर्णय घेतलं.

जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली कालनिर्णय काढलं, म्हणजे माझ्या सासूबाई नव्या नवरी असतानापासून ते घरोघरी आहे. बायांना ते कसं वाचायचं हे शिकवावं लागत नाही. चौकटीत तिथी, उपास, सण, चंद्रोदय. रिकाम्या जागेत दुधाचा हिशोब, सिलिंडर कधी लागलं, पोराची परीक्षा. दर महिन्याचा एक बारीक ठिपकाही असतो, तो कशाचा ते घरातल्या बाईलाच माहीत. हे स्पष्ट लिहिते, कारण आमच्याकडे अजून कितीतरी घरांत हळदीकुंकू असो की पूजा, बाई आधी बोटांवर आपले दिवस मोजते. माझ्या हातातल्या डायरीसमोर ती हे मोजू शकत नव्हती, म्हणून ‘सांगते’ म्हणायची. आता मी कालनिर्णय खिळ्याला अडकवते आणि थोडा वेळ डबे आवरायला वळते. ती पानाजवळ जाते, मोजते आणि मग तारीख बोलते.

टांगायची माझी एक रीत आहे. मांडणी करायच्या आधीच पान लावून ठेवायचं, जिथे सगळ्यांना दिसेल तिथे. मला जमतील त्या तारखांना आधीच लाल गोल केलेले असतात, पाच-सहाच. वीस गोल केले तर घाई कोणालाच वाटत नाही. डेमो अर्धा झाला की मी लाल पेन पानाच्या दोरीला बांधते. नाव मी लिहीत नाही, बाई स्वतः लिहिते. अंगठेबहाद्दर असली तर तिची नात लिहिते. आपल्या हाताने आपलं नाव चारचौघींसमोर लिहिलेली तारीख मोडताना बाई दहादा विचार करते, हे मी पाहिलं आहे.

यंदाच्या जानेवारीतला एक प्रसंग सांगते. नवी सून होती, डबा हातातून सोडत नव्हती. डेमो ठेवायची तिची इच्छा डोळ्यांत दिसत होती, पण नजर सारखी सासूकडे. मी सुनेला काही विचारलंच नाही. म्हटलं, “आजी, जरा पाहता का पान, १७ की १८?” आजी उठल्या, चश्मा पदराने पुसला आणि पानावर बोट टेकवून वाचायला लागल्या. “अवं, अठराले त अवस हाय! सतराले ठेव. शनवार हाय, तुयी नणंद बी येते.” सुनेने पेन घेतलं. परवानगी मागावी लागली नाही, सासूनेच तारीख काढली होती. त्या १७ तारखेला नणंद तर आलीच, तिने तिच्या गावची तारीखही दिली.

या वर्षी कालनिर्णय नसतं तर संक्रांतीचा हंगाम माझ्या हातून गेला असता. आमचा सगळ्यात मोठा हंगाम संक्रांत ते रथसप्तमी. वाणासाठी बाया वीस-पंचवीस लहान डब्या एकदम घेतात. २०२५ मध्ये १४ जानेवारी ते ४ फेब्रुवारी असे २२ दिवस मिळाले होते. २०२६ मध्ये रथसप्तमी २५ जानेवारीलाच, म्हणजे फक्त १२ दिवस. त्यात १४ ला संक्रांतीच्याच दिवशी एकादशी, १८ ला अमावस्या, २२ ला गणेश जयंती. हे मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पान उलटून पाहिलं, म्हणून वाणाचे डेमो डिसेंबरातच घेतले. बायांना पान दाखवून म्हटलं, “यंदा दिवस कमी आहेत, वाण आधी घरात येऊ द्या.” त्यांनी स्वतः मोजलं आणि पटलं. माझं नुसतं बोलणं असतं तर विक्रीची घाई वाटली असती.

तारीख लिहून झाली की अर्धंच काम होतं. दुसरं अर्धं त्या बाईच्या घरी. तिच्या भिंतीवरच्या कालनिर्णयातही तीच तारीख लिहायला सांगते, ‘डेमो, सायंकाळी ७’. फोन बहुतेक घरांत नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या खिशात असतो. भिंतीवरचं मात्र नवराही वाचतो, सासराही. त्या दिवशी पाहुणे बोलवायचे नाहीत हे घराला कळतं. तीन दिवस आधी मी फोन करते आणि ‘ठेवायचं ना?’ असं कधीच विचारत नाही. विचारते, “किती जणींना सांगून झालं?” पहिल्या प्रश्नात ‘राहू द्या या वेळी’ म्हणायला जागा आहे, दुसऱ्यात ती उठून शेजारी सांगायला जाते. कायद्याचीही एक बाजू आहे. २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांप्रमाणे ओळखपत्र आणि आधी ठरवलेली वेळ किंवा संमती याशिवाय विकणाऱ्याने कोणाच्या घरी जायचं नाही. नव्याने काम करणाऱ्या पोरींनी हे ध्यानात ठेवावं. दारात अचानक उभं राहू नये.

छापील पानात जे नसतं ते मात्र आपणच भरायचं. प्रत्येक गावचा बाजाराचा दिवस, बचत गटाची बैठक, भागवत सप्ताह, कोणाकडे तेरवी. हे मी पेन्सिलने लिहिते. संध्याकाळची वेळ तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना सुटल्यावरची धरते. कापसाच्या दिवसांत बाया वेचणीला जातात, सहाला परततात, पाठ मोडलेली असते. त्या दिवसांत डेमो ठेवला तरी ऑर्डर हलकी येते, कारण पैसा येतो तो चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाची रक्कम, हाती आल्यावरच. म्हणून मी डेमोच्या तारखेसोबत डबे पोचवायची तारीखही तेव्हाच लिहून घेते, चुकाऱ्याच्या अंदाजाने. उलंगवाडी, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी, झाली की बाया मोकळ्या होतात आणि घरातला तिखट, हळद, डाळींचा वर्षाचा भरणा सुरू होतो. मोठे डबे खपतात ते तेव्हाच.

घेणार असाल तर मोठंच घ्या. टेबलावरचं लहान घरी ठीक आहे, पण दहा बायांना एकदम दिसलं पाहिजे आणि चौकटीत नाव मावलं पाहिजे. मोबाइलवर तिथी पाहता येते, पण एकीच्या हातातला पडदा बाकीच्या नऊ जणींना दिसत नाही. साधं बॉलपेन वापरा, स्केचपेन मागच्या पानावर उतरतं आणि मागच्या पाककृती बायांना वाचायच्या असतात. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पुढचं पान चिमट्याने वर अडकवून ठेवा, नाहीतर १ ते १० च्या तारखा कोणी मागणार नाही.

सध्या माझ्या पिशवीतल्या पानांत मे-जूनची पानं सगळ्यांत जास्त चाळली गेली आहेत. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, धोंड्याचा महिना. लग्नं नाहीत, जावई जेवायला येणार, ३३ अनारशांचं वाण द्यायचं. अनारसे मऊ पडू नयेत म्हणून झाकण घट्ट हवं, हे सासवांनीच मला सांगितलं. पंधरा दिवसांचा माझा नियम यासाठी मी मोडला आहे. २३ मे ला एका आजींनी कापऱ्या अक्षरात आपलं नाव लिहिलं आणि खाली जावयाचंही लिहिलं.