एसआयपी कॅल्क्युलेटर की स्वतःची शीट?

एसआयपी, पीपीएफ, एफडी म्हणजे काय हे इथे सांगत बसत नाही. पुढच्या पंधरा वर्षांचं गणित मांडायला आणि आजवर पैसा किती दराने वाढला हे बघायला नेटवरचे तयार कॅल्क्युलेटर पुरतात, की गुगल शीटमध्ये स्वतःचं कोष्टक करावं, एवढाच प्रश्न आहे. मी दोन्ही वापरले आहेत, आजही वापरतो. सोलापुरात माझा टॉवेलचा छोटा धंदा आहे. महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होणाऱ्याचं उत्तर माझ्यापेक्षा वेगळं येऊ शकतं, हे धरून पुढचं वाचावं.

आधी कॅल्क्युलेटरची बाजू. महिन्याचे ५,००० पंधरा वर्षांत कुठवर जातात, हे ज्याने कधी पाहिलेलं नाही त्याला ते अर्ध्या मिनिटात दिसतं आणि माणूस गुंतवणूक सुरू करतो. रिकामी शीट बघून कोणी सुरुवात केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. घरकर्जाच्या हप्त्यासाठी तर मी दुसरीकडे जातच नाही. २० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं असं कोणत्याही बँकेच्या साइटवर टाका, हप्ता १७,३५६ रुपयांच्या आसपासच येणार. कर्जात वार्षिक दराला बाराने भागून महिन्याचा दर काढायचा, ही रीत सगळीकडे एकच आहे.

गुंतवणुकीत ती एक नाही, आणि माझं मन कॅल्क्युलेटरवरून उडालं ते इथेच.

महिना ५,०००, अपेक्षित परतावा १२ टक्के, मुदत १५ वर्षं. एका साइटवर उत्तर येतं २५ लाख २३ हजार, दुसरीवर २३ लाख ८० हजार. रक्कम तीच, दर तोच, वर्षं तीच, तरी जवळजवळ १ लाख ४३ हजारांचा फरक. पहिली साइट कर्जासारखंच १२ ला बाराने भागते आणि दरमहा १ टक्का धरते. पण दरमहा १ टक्का चक्रवाढीने वाढला की वर्षाचे १२ नाही, १२.६८ टक्के होतात. दुसरी साइट महिन्याला सुमारे ०.९५ टक्के धरते, म्हणजे वर्षअखेर बरोबर १२ भरतात. म्युच्युअल फंडाच्या फॅक्टशीटमध्ये, म्हणजे फंडाच्या माहितीपत्रकात, तीन, पाच, दहा वर्षांचा जो परतावा छापलेला असतो तो वार्षिक चक्रवाढीचा असतो. तो बघूनच आपण १२ टाकणार असू, तर दुसरी रीत त्याला धरून आहे. मला खटकतं ते हे की कोणती रीत वापरली हे बहुतेक ठिकाणी ठळक लिहिलेलं नसतं. आकडा तेवढा मोठ्या अक्षरांत झळकतो.

तुमचा कॅल्क्युलेटर कोणत्या रीतीचा आहे हे बघायला महिना १०,०००, १२ टक्के, १ वर्ष असं टाका. १,२८,०९३ आले तर बाराने भागलंय. १,२७,६६५ च्या आसपास आले तर दुसरी रीत आहे.

१२ टक्के हाच मुळात अंदाज, मग दीड लाखाचं काय घेऊन बसलात, असं कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. पण अंदाज दरात असतोच, तो गणितातही कशाला? मुलीच्या शिक्षणासाठी रक्कम ठरवताना मला निदान हिशोब कसा झाला हे दिसायला हवं. शीटमध्ये एफव्ही फंक्शन (हप्ते, दर आणि मुदतीवरून शेवटची रक्कम काढणारं सूत्र) लिहिताना महिन्याचा दर मीच काढून टाकतो. उद्या शंका आली तर त्या चौकटीवर क्लिक केलं की सगळं समोर असतं. त्याच्याच खाली मी महागाईची ओळ ठेवली आहे: ६ टक्के महागाई धरली तर पंधरा वर्षांनंतरचे ते २३ लाख ८० हजार आजच्या किमतीत ९ लाख ९३ हजार होतात. कॅल्क्युलेटरमध्ये महागाईसाठी बहुधा वेगळं पान शोधावं लागतं, आणि ते शोधायला फारसं कोणी जात नाही.

दुसरी अडचण आमच्या धंद्याची. दिवाळीआधी माल उठतो, पैसे मागाहून येतात. सुताचा भाव चढला की दोन-दोन महिने हात आखडता घ्यावा लागतो. कॅल्क्युलेटर दरमहा एकच रक्कम मागतो. फार तर दरवर्षी दहा टक्के वाढवा म्हणतो. मध्येच हप्ता चुकला, मग एकदम चाळीस हजार भरले, हे त्याला सांगायची सोय बहुतेक ठिकाणी नसते. नोकरदाराला हा प्रश्न पडणार नाही. सोलापुरातल्या निम्म्या पेठेला पडतो.

इथे शीटचं एक्सआयआरआर फंक्शन मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. वेगवेगळ्या तारखांना कमीजास्त भरलेला पैसा वर्षाला किती टक्क्याने वाढला, ते हे काढतं. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात रक्कम. खिशातून गेलेला पैसा वजा चिन्हाने, हातात आलेला अधिक. शेवटच्या ओळीत आजची तारीख आणि आजचं मूल्य. सगळे आकडे एकाच चिन्हाचे राहिले तर उत्तराऐवजी एरर येतो, म्हणून आधी वजा चिन्हं तपासावीत. स्टेटमेंटमधून उतरवलेली तारीख रकान्याच्या डाव्या कडेला चिकटली असेल तर शीटने ती मजकूर समजली आहे, ती पुन्हा हाताने टाइप करावी. हे उपद्व्याप कॅल्क्युलेटरमध्ये नाहीत, हे मान्य. आणि वर्ष पुरं व्हायच्या आत एक्सआयआरआर बघू नये. दोन महिन्यांत ५ टक्के वाढ झाली तर तो वर्षाचा दर ३४ टक्के दाखवतो आणि माणूस उगाच हुरळतो.

याच दोन रकान्यांत भिशीही मांडता येते. लिलावाची भिशी लवकर उचलली तर ते कर्ज, शेवटपर्यंत थांबलात तर ती ठेव. भरलेले हप्ते आणि मिळालेली रक्कम तारखांसकट लिहिली की कर्ज किती टक्क्याने पडलं किंवा ठेवीला काय सुटलं, ते दिसतं. भिशीत पैसे बुडायची जी जोखीम असते ती मात्र कुठल्याच रकान्यात येत नाही.

पीपीएफबद्दल थोडक्यात. तिथले कॅल्क्युलेटर ठीक आहेत, फक्त ते काय धरून चालतात ते बघा. दरवर्षी दीड लाख, ७.१ टक्के, १५ वर्षं, उत्तर ४० लाख ६८ हजार. हे दरवर्षी ५ एप्रिलच्या आत भरणाऱ्याचं उत्तर आहे, कारण व्याज महिन्याच्या ५ तारखेनंतरच्या किमान शिलकीवर मोजतात. तेच पैसे दरवर्षी मार्चअखेर, करबचतीच्या घाईत भरले तर हाती ३७ लाख ९८ हजार येतात.

तेव्हा उत्पन्न ठरलेलं असेल, एकदोनच एसआयपी असतील आणि हप्ता किती ठेवावा एवढंच ठरवायचं असेल, तर कॅल्क्युलेटर पुरेसा आहे. शक्यतो मोबाइल नंबर न मागणारा निवडा, नाहीतर पुढे फोन येत राहतात. शेअर बाजार आणि फंडांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या गुंतवणूकदारांसाठीच्या साइटवरही असे कॅल्क्युलेटर आहेत. पैसे जमेल तसे, जमेल तेव्हा भरणाऱ्याने मात्र शीटला एक रविवार द्यावा असं मला वाटतं. फंडांच्या खात्यांची नोंद ठेवणाऱ्या कॅम्स किंवा केफिनटेक या कंपन्यांच्या साइटवरून सगळ्या फंडांचं एकत्रित स्टेटमेंट ईमेलवर फुकट मागवता येतं. मागवताना सगळ्या व्यवहारांसह असलेलं तपशीलवार निवडा, नुसत्या शिलकीच्या गोषवाऱ्यात हप्त्यांच्या तारखा मिळत नाहीत.