अल्टरनेटर दुरुस्त करावा, रिबिल्ट घ्यावा की नवा?

गाडी सकाळी सेल घेत नाही म्हटलं की पहिला सल्ला येतो बॅटरी बदलण्याचा. नवी बॅटरी दुकानातून चार्ज होऊनच येते. त्यामुळे काही दिवस गाडी बरी चालते, अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा, दोष झाकला जातो आणि मग पुन्हा धक्का मारणं सुरू. म्हणून दुरुस्ती, रिबिल्ट (जुनाच खोलून पुन्हा तयार केलेला) की नवा हे नंतर ठरवा. आधी मोजा. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली जवळपास रिकामी. भरलेली बॅटरी सेल मारताना ९.६ च्या खाली कोसळत असेल तर दोष बॅटरीचा. इंजिन सुरू करून १५०० ते २००० आरपीएमवर धरा. आकडा १३.८ ते १४.७ च्या दरम्यान हवा, आणि हेडलाइट व ब्लोअर लावूनही १३.५ च्या वर राहिला पाहिजे. इंजिन चालू असूनही तो १२.५ वरून हलत नसेल तर चार्जिंग नाही. १५ च्या वर गेला तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला, ज्याला आपल्याकडे बरेच मिस्त्री कटआउट म्हणतात. असा कटआउट बॅटरीचं पाणी उकळून संपवतो. बॅटरीच्या सगळ्या सेलचं (कप्प्यांचं) पाणी सारखं उतरत असेल तर संशय कटआउटवर. एकाच सेलचं उतरत असेल आणि हायड्रोमीटरवर (ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीवर) तो सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल, तर ती बॅटरी संपली. अर्थात नवतप्याच्या उन्हात पाणी तसंही झपाट्याने उडतं, म्हणून अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात दर पंधरा दिवसांनी पातळी पाहा. भरायचं ते डिस्टिल्ड वॉटरच, बोअरचं पाणी नको.

बीएस-६ गाड्यांत जरा थांबून निर्णय घ्या. अनेक मॉडेलमध्ये चार्जिंग ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठरवतो आणि बॅटरी भरली की व्होल्टेज मुद्दाम १३ च्या आसपास उतरवतो. लाइट, ब्लोअर लावल्यावर आकडा चढला तर अल्टरनेटर ठणठणीत आहे.

अल्टरनेटर खोलण्याआधी अजून एक तपासणी, आणि सगळ्यात जास्त पैसे हीच वाचवते. लाइट लावून इंजिन चालू ठेवा. मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टवर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर. फरक ०.२ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर वायर किंवा तिच्या टोकाचं थिंबल खराब. तसंच अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्ये मोजा; तिथे फरक आला तर दोष अर्थिंगचा. पांदण रस्त्याने फिरणाऱ्या गाडीत काळ्या मातीचा गारा अर्थिंगच्या बोल्टखाली बसतो आणि गंज धरतो. तिथे पॉलिश पेपर मारला की काम होतं. अल्टरनेटर फिरवणारा पट्टा सैल, चकाकलेला किंवा चिरलेला असेल तर तोही आधी बदला.

आता खरंच अल्टरनेटरच दोषी निघाला, तर काय करायचं?

दुरुस्ती. तालुक्याच्या गावात चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन असेल तर बहुतेक वेळा हाच सौदा बरा. झिजतात ते कार्बन ब्रश, कटआउट, बेअरिंग आणि डायोड प्लेट (एसीचा डीसी करणारी), आणि हे चारही सुटे मिळतात. ब्रश बाहेर ५ मिमीपेक्षा कमी उरले असतील तर बदलायचे. बेअरिंग दोन्ही बाजूंनी सील असलेलं घ्या, नाहीतर धूळ लवकरच खाते. रोटरच्या (आत फिरणाऱ्या भागाच्या) दोन्ही स्लिप रिंगमध्ये, म्हणजे ब्रश घासतात त्या कड्यांमध्ये, साधारण २ ते ४ ओहम यायला हवेत, आणि रिंगपासून शाफ्टपर्यंत मीटरने जोड अजिबात दाखवू नये. रोटर किंवा स्टेटर (त्याभोवतीचं स्थिर वायंडिंग) जळाला असेल तर मात्र थांबा. स्थानिक रिवाइंडिंगमध्ये तार आणि वार्निशचा दर्जा कळत नाही आणि आपल्याकडच्या उन्हात बोनेटखाली ते लवकर उघडं पडतं. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल तरी दुरुस्ती नको.

रिबिल्ट. वेळ वाचतो: जुना द्या, तयार घ्या, त्याच दिवशी गाडी हलते. पण आत काय बदललं आणि काय फक्त धुऊन रंगवलं हे बाहेरून दिसत नाही. टेस्ट बेंचवर लोड देऊन दाखवणारा आणि छापील बिलावर वॉरंटी लिहून देणारा असेल तरच घ्या. नुसत्या तोंडी हमीवर घेण्यापेक्षा आपलाच दुरुस्त केलेला बरा.

नवा. जळालेला रोटर-स्टेटर, फुटलेलं हाउसिंग किंवा ईसीयूच्या ताब्यातला अल्टरनेटर असेल तर नवाच. रोज सवारी नेणाऱ्या गाडीलाही हाच परवडतो, कारण खाडा महाग पडतो. घेताना अँपिअर, पुलीच्या खाचा आणि कनेक्टरच्या पिना जुन्याशी ताडून पाहा.

जुन्या डिझेल गाड्यांचं गणित वेगळं. बोलेरो, सुमोसारख्या अनेक गाड्यांत अल्टरनेटरच्या मागेच ब्रेक हलका करणारा व्हॅक्यूम पंप असतो. त्याचं सील गळलं की इंजिन ऑइल आत शिरतं आणि ब्रश चिकटतात. सील न बदलता फक्त ब्रश बदलून दिले तर ते पैसे पाण्यात. नवा घेतला तरी पंपासकटचाच हवा. आणि अशा गाडीचा पट्टा तुटला तर फक्त चार्जिंगच जात नाही, ब्रेकही दगडासारखा कडक होतो. तशी गाडी घरापर्यंत रेटू नका.

कोणताही पर्याय निवडा, बसवण्याआधी बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्या. गावात लाइनचा भरवसा नसेल तर बॅटरीच्या दुकानात ठेवा. रिकामी बॅटरी भरताना अल्टरनेटर सतत पूर्ण करंट देतो, तापतो, आणि नवे डायोडही उडू शकतात. बसवल्यावर वीस मिनिटं इंजिन चालवून, तो तापलेला असतानाच, लाइट लावून पुन्हा १३.५ मोजा. थंड असताना बरोबर दाखवणारा खराब डायोड इथेच पकडला जातो. मिस्त्री चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून तपासायला लागला तर त्याला थांबवा. त्या क्षणी व्होल्टेज उसळी मारतं आणि ईसीयू जळू शकतो, ज्याची किंमत अल्टरनेटरपेक्षा जास्त असू शकते.