मनगटाच्या हाडांचं मॉडेल, ५ पैकी साडेतीन स्टार
मनगटाची ८ हाडं काही केल्या डोक्यात बसेनात म्हणून हे इलॅस्टिकमध्ये ओवलेलं हाताचं मॉडेल मागवलं आणि खरं सांगू का, चित्रात दहादा बघून जे कळलं नाही ते हातात धरल्यावर कळलं. हॅमेट या हाडाचा हुक (आकड्यासारखा उंचवटा) बोटाला लागतो, कॅपिटेट सगळ्यात मोठं ते लगेच दिसतं, आणि स्कॅफॉइड या हाडाची बारीक कंबर (मधला अरुंद भाग) तर मस्तच आलीये (फ्रॅक्चर बहुतेकदा तिथेच होतं, आणि रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाकडून येत असल्यामुळे कोपराकडचा तुकडा जुळायला त्रास देतो). पण पिसिफॉर्म! वाटाण्याएवढं हाड, ट्रायक्वेट्रम या हाडावर तळहाताच्या बाजूला हवं, यांनी चक्क मागे चिकटवलंय 😅 ब्लेडने काढून मीच परत लावलं. इलॅस्टिकपण महिन्याभरात सैल पडलं. ट्रॅपेझियम-ट्रॅपेझॉइड या दोन हाडांमध्ये मी अजून गोंधळतोच, पण त्यात मॉडेलची काही चूक नाही.