गोदाघाट की पांडवलेणी? बिनखर्चाच्या भटकंतीची निवड

नाशिकला नव्याने राहायला आलेल्या, किंवा इथेच लहानाचे मोठे होऊनही रविवार मॉलमध्ये घालवण्याची सवय जडलेल्या कुटुंबापुढे मोकळ्या हवेतील विरंगुळ्याचे दोन ठळक पर्याय आहेत: जुन्या शहरातील गोदाघाट आणि मुंबई महामार्गालगतच्या डोंगरावरची पांडवलेणी ही प्राचीन बौद्ध लेणी. दोन्हीकडे अर्धा दिवस सहज जातो आणि खिशाला झळ बसत नाही. मात्र घाट पंचांगाप्रमाणे चालतो आणि डोंगर हवेप्रमाणे, हे ध्यानात न घेता निघालेला माणूस हिरमुसून परततो.

खर्चाचा हिशेब थोडक्यात सांगता येतो. घाटावर तिकीट नाही. लेण्यांसाठी पुरातत्त्व खात्याचे माफक तिकीट असून पंधरा वर्षांखालील मुलांना ते लागत नाही. जागतिक वारसा दिनी, म्हणजे १८ एप्रिलला, प्रवेश सहसा विनामूल्य असतो, पण त्या दिवसांतले ऊन पाहता ही सवलत पहाटे उठणाऱ्यांच्याच कामाची आहे. घाटावर खरा भुर्दंड पडतो तो गाडी लावण्याचा. सुटीच्या दिवशी बाहेरगावच्या भाविकांच्या गाड्यांनी पंचवटी भरून जाते, त्यामुळे सिटीलिंक या शहर बससेवेच्या बसने रविवार कारंजापर्यंत येऊन पुढे पायी उतरणे शहाणपणाचे ठरते.

गर्दी मुळीच सोसवत नसेल, तर घाटाचा विचार सोडून द्यावा. ती सोसत असेल, तर मात्र घाटाइतके फुकटात देणारे दुसरे ठिकाण शहरात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. रामकुंडावरची संध्याकाळची आरती, वसईच्या विजयाची आठवण सांगणारी नारोशंकराची घंटा, बुधवारी भरणारा आठवडे बाजार या गोष्टी तर आहेतच. पण घाटाचे खरे वैभव मे महिन्यात दिसते. यशवंतराव महाराज पटांगणावर तेव्हा वसंत व्याख्यानमाला भरते. शंभरी ओलांडलेल्या या उपक्रमात ना प्रवेशिका लागते ना ओळख. नदीवरचा वारा अंगावर घेत वक्त्याचे ऐकावे, विषय रुचला नाही तर निमूटपणे उठून भेळेच्या गाडीकडे वळावे, कोणी वाईट मानत नाही. दिवाळीत पिंपळपारावर पाडवा पहाटेचे गाणे असते. तिथे बसायला जागा हवी असेल तर अंधारातच घर सोडावे लागते.

रंगपंचमीच्या रहाडी हा जुन्या नाशिकचा खास ठेवा. पेशवेकालीन मानले जाणारे हे दगडी बांधणीचे हौद वर्षभर फळ्या आणि माती टाकून बुजवलेले असतात, त्यांच्यावरून रहदारी बिनदिक्कत चालते. सणाच्या तोंडावर ते उघडून, रंगाचे पाणी भरून, पूजा झाल्यावर लोक त्यात ‘धप्पा’, म्हणजे उडी, मारतात. पाहणाऱ्यांनीही जुनेच कपडे घालावेत, कारण काठावर उभा असलेला कोणी कोरडा राहत नाही.

पांडवलेणीचे सुख याच्या अगदी उलट, म्हणजे एकान्ताचे आहे. सुमारे दोनशे पायऱ्या चढून गेल्यावर २४ लेण्यांची रांग लागते, आणि त्यांची तोंडे उत्तरेकडे असल्याने आत सावली व समोर शहराचा विस्तार दिसतो. तिसऱ्या लेण्याचा ओटा खांद्यांवर पेलणाऱ्या सहा आकृतींपाशी मुले हमखास थांबतात. मोठ्यांसाठी दहाव्या लेण्यातला, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख अधिक रंजक ठरावा: त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेव म्हणून ठेवले, त्यांपैकी २,००० वर दरमहा शेकडा एक आणि उरलेल्या १,००० वर पाऊण असे व्याज ठरवले, आणि त्यातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रांची व इतर खर्चाची सोय केली. मुदत ठेवीची पावती दगडात कोरलेली पाहायला मिळावी, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

गुडघे दुखणारे आजी-आजोबा बरोबर असतील तर लेणी टाळावीत; घाटावर त्यांना निदान वरच्या पायरीवर बसून सगळे पाहता येते, जरी पाण्यालगतच्या पायऱ्यांवरच्या शेवाळापासून जपावेच लागते. रोजच्या फिरण्यासाठी दोन्हींपेक्षा गोल्फ क्लब मैदान किंवा कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक सोयीचा, कारण तिथे जाण्यासाठी बेत आखावा लागत नाही.

पावसाळ्यात निवडीचे निकष बदलतात. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की पुराची पातळी ज्यावरून मोजली जाते त्या नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत लागले, हे पाहायला अर्धे शहर लोटते. हा सोहळा होळकर पुलावरून पाहावा, पायऱ्यांवरून नव्हे, आणि पोलिसांनी दोर लावला असेल तर तो मुळीच ओलांडू नये. रिमझिमीत डोंगर हिरवा असतो, तेव्हा सकाळी लेणी गाठावीत. हिवाळ्यात एकाच दिवशी दोन्ही साधायचे असेल तर सकाळ डोंगराला आणि संध्याकाळ नदीला द्यावी. फक्त सिंहस्थाची मुख्य स्नाने २०२७ मध्ये असल्याने, घाटाकडे निघण्यापूर्वी त्या बाजूच्या रस्त्यांची स्थिती विचारून घ्यावी.